ग्यूदोन: टोकियोतील घरच्या स्वयंपाकघरातील प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

पातळ कापलेले गोमांस आणि कांदा गोडसर-खारट रश्श्यात शिजवून वाफाळत्या भातावर वाढले की ग्यूदोन होते. जपानमधील जवळपास प्रत्येक मोठ्या स्थानकाबाहेर ते मिळते आणि मागितल्यापासून काही मिनिटांत पुढ्यात येते. आम्हा दोघांना कामावरून निशिकासाईच्या घरी पोहोचायला बहुतेक दिवशी आठ वाजतात. अशा वेळी, सकाळी वेळ लावून ठेवलेला भाताचा कुकर होत येतो तेवढ्यात तयार होईल असा एखादा भरपेट पदार्थ हाताशी असावा, म्हणून ग्यूदोनची निवड केली.

नुसते लवकर होणे मात्र पुरेसे नाही. घरी केलेल्या ग्यूदोनमध्ये मांस बहुधा चिवट होते, कांदा एक तर करकरीत राहतो किंवा पार विरघळतो, आणि रस्सा भाताला न लागता वाडग्याच्या तळाशी साचून राहतो. या तिन्ही गोष्टींची कारणे शोधून, आठवड्यातल्या कोणत्याही संध्याकाळी हमखास जमेल अशी एक पद्धत पक्की करणे, हा या नोंदींचा हेतू आहे.

१२ जानेवारी, रविवार

पदार्थाचा इतिहास थोडक्यात टिपून ठेवतो, कारण त्याच्या वेगाचे कारण त्यातच सापडते. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर शेतीच्या हंगामापुरती बंदी घातली, आणि पुढे बौद्ध विचाराच्या प्रभावामुळे चतुष्पादांचे मांस उघडपणे खाणे शेकडो वर्षे निषिद्धच मानले गेले. १८५९ मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले झाल्यावर तेथे गोमांस येऊ लागले. १८७२ च्या जानेवारीत सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा शहरी लोकांचा उरलासुरला संकोचही कमी होत गेला. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) किंवा शोयूच्या (सोया सॉसच्या) रश्श्यात कांद्याच्या पातीसह मांस शिजवण्याचा ग्यूनाबे हा प्रकार त्या काळात लोकप्रिय झाला, आणि तोच रस्सा भातावर ओतला की आजच्या ग्यूदोनचा पूर्वज तयार होई.

योशिनोया या ग्यूदोन विकणाऱ्या दुकानसाखळीचे पहिले दुकान १८९९ मध्ये टोकियोच्या निहोनबाशी येथील मासळी बाजारात सुरू झाले. १९२३ च्या महाभूकंपानंतर बाजार त्सुकिजीला हलला आणि १९२६ मध्ये दुकानही तेथे गेले. पहाटेपासून राबणारे हमाल, आडते, मासळीवाले हे तेथले गिऱ्हाईक. त्यांना बसून जेवायला वेळ नसे, आणि मिळेल ते गरम, भरपेट आणि चवीचे असावे अशी त्यांची साधी अपेक्षा असे. दुकानात भांडे दिवसभर चुलीवर असते, त्यातला रस्सा सतत तयार असतो आणि मांस थोडे थोडे करून त्यात पडत राहते. म्हणजे गिऱ्हाइकाला दिसणारी दोन मिनिटे ही आधी झालेल्या कित्येक तासांच्या कामाच्या जोरावर उभी असतात. घरी असे भांडे नसते, तेव्हा ते आधीचे काम कोणत्या भागात आणि कधी उरकून ठेवायचे, हा या प्रकल्पातला खरा प्रश्न आहे असे मला वाटते.

१३ जानेवारी, सोमवार

आज सुट्टी असल्यामुळे स्थानकाजवळच्या दुकानात मुद्दाम भांड्यासमोरची जागा धरली. भांडे रुंद आणि उथळ होते. रस्सा कुठेही खळखळत नव्हता. कडेला बारीक बुडबुडे येत होते आणि मधला भाग नुसता हलत होता. वाढणारी बाई भोकांच्या पळीने मांस उचलत, क्षणभर निथळू देत, भातावर ठेवत आणि मग रस्सा मोजून सोडत. शेजारच्या गिऱ्हाइकाने त्सुयुदाकू म्हणजे जास्त रश्श्याचे मागितले, तेव्हा त्यांनी पळी निथळू न देता सरळ वाडग्यात रिकामी केली. न खळखळणारा रस्सा ही आजची महत्त्वाची नोंद.

१८ जानेवारी, शनिवार

मांसाची निवड. सुपरमार्केटमध्ये पातळ काप तयारच मिळतात, ही जपानमध्ये राहणाऱ्याची मोठी सोय आहे. वेष्टनावर तीन मुख्य प्रकार दिसतात. वाग्यू म्हणजे काळी, तपकिरी, आखूडशिंगी आणि बिनशिंगी अशा चार ठरावीक जपानी जातींचे मांस. कोकुसान म्हणजे जपानमध्ये वाढवलेले, पण त्यात दुधाळ होल्स्टीन जातीचे आणि संकरित जनावरही येते. नवखा माणूस या दोन शब्दांत हमखास घोटाळा करतो. तिसरे आयात मांस, मुख्यतः अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाचे.

भागांपैकी ‘बारा’ हा जपानी शब्द, म्हणजे पोटाकडचे, चरबीचे थर असलेले मांस. काता-रोसू म्हणजे खांद्यालगतचे, मध्यम चरबीचे. आणि मोमो म्हणजे मांडीचे, जवळजवळ बिनचरबीचे. आज तिन्ही एकाच रश्श्यात, वेगवेगळ्या छोट्या पातेल्यांत शिजवून पाहिले. मोमोचा घास पहिल्या मिनिटाला बरा लागला, पण वाडगा अर्धा संपेपर्यंत तो कोरडा झाला. काता-रोसूची चव सर्वांत भरीव होती. अमेरिकी बारा मात्र या पदार्थासाठीच असावा असा लागला: त्याची चरबी रश्श्यात उतरते, रस्सा किंचित घट्टसर होतो आणि भाताच्या प्रत्येक दाण्याला लागतो. महागडे वाग्यू यासाठी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. शोयू आणि साखरेच्या रश्श्यात त्याचा नाजूकपणा हरवतो आणि चरबी जड होते.

अमेरिकी बाऱ्याचे या पदार्थाशी असलेले नाते २००३ च्या डिसेंबरमध्ये सर्वांच्या लक्षात आले. त्या महिन्यात अमेरिकेत एका गाईला मेंदूचा बीएसई रोग झाल्याचे आढळले, जपानने तेथील गोमांसाची आयात थांबवली, आणि साठा संपत आल्यावर फेब्रुवारी २००४ मध्ये योशिनोयाने आपला मुख्य पदार्थच विकणे बंद केले. दुसऱ्या देशाचे मांस वापरून चव बदलण्यापेक्षा त्यांनी डुकराच्या मांसाचे बुतादोन विकले आणि २००६ च्या सप्टेंबरपर्यंत वाट पाहिली. एका भागाच्या चरबीवर एवढा आग्रह धरणाऱ्यांचा मला मनापासून आदर वाटतो.

जपानी काता-रोसूच्या वेष्टनावर दहा आकडी क्रमांक छापलेला असतो. २००३ च्या कायद्याने देशात वाढलेल्या प्रत्येक गुराला असा क्रमांक मिळतो, आणि तो सरकारी संकेतस्थळावर टाकला की त्या जनावराची जन्मतारीख, नर-मादी, जात आणि ते कोणकोणत्या प्रांतांत वाढले हे दिसते. आजच्या वेष्टनातले जनावर होक्काइदोत जन्मलेले होते. आपण काय खातो आहोत हे इतक्या नेमकेपणाने कळणे मला मोलाचे वाटते. मांसाच्या फळीच्या टोकाला गुराच्या चरबीचे पांढरे चौकोनी तुकडे छोट्या पुड्यांतून फुकट ठेवलेले असतात, तेही दोन आणले. बिनचरबीचे मांस वापरायचे झाल्यास उपयोगी पडतील.

२५ जानेवारी, शनिवार

दाशी, म्हणजे रश्श्यासाठी काढलेले चवीचे पाणी. साध्या पाण्यात, पुडीतल्या दाण्यांच्या दाशीत आणि घरी काढलेल्या दाशीत असे तीन रस्से करून पाहिले. घरची दाशी काढण्यासाठी दहा ग्रॅम कोंबू (वाळवलेले समुद्रशैवाल) लिटरभर पाण्यात अर्धा तास भिजवला, नंतर मंद आचेवर ठेवून पाणी उकळण्याआधी बाहेर काढला, मग वीस ग्रॅम कात्सुओबुशी म्हणजे वाळवून किसलेला बोनिटो मासा टाकून आच बंद केली आणि दोन मिनिटांनी गाळले.

कोंबूतील चवीमागे ग्लुटामिक आम्ल आहे हे किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये दाखवले, आणि कात्सुओबुशीतील इनोसिनेट हा चव देणारा घटक शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये ओळखले. दोन्ही एकत्र आले की चव बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढते. गोमांसातही स्वतःचे इनोसिनेट असतेच, त्यामुळे नुसत्या कोंबूच्या दाशीनेही ग्यूदोनचे काम पुष्कळसे भागते, आणि मासळीचा वास नको असणाऱ्यांना ते अधिक आवडेल. आजच्या चवीत पाण्याचा रस्सा सपाट, पुडीचा बरा पण अंमळ खारट, आणि घरचा निःसंशय उत्तम होता. पुडीत बहुधा मीठ असते. ती वापरल्यास शोयू अर्धा चमचा कमी करावा.

१ फेब्रुवारी, शनिवार

रश्श्याचे प्रमाण. जपानी मोठा चमचा १५ मिलिलिटरचा असतो, त्याच मापाने लिहितो. दोघांसाठी २५० ग्रॅम मांस, २०० ग्रॅम कांदा आणि २०० मिलिलिटर दाशी धरून शोयू, मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड दारू) आणि साके (तांदळाची दारू) प्रत्येकी तीन चमचे, साखर एक चमचा आणि आल्याच्या दोन पातळ चकत्या, येथून सुरुवात केली. नेहमीच्या गडद शोयूच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे २.६ ग्रॅम मीठ असते, म्हणजे तीन चमच्यांत जवळजवळ ८ ग्रॅम. जपानच्या आहार मापदंडात प्रौढ पुरुषाने दिवसभरात ७.५ ग्रॅमपेक्षा आणि स्त्रीने ६.५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे असे म्हटले आहे. सगळा रस्सा काही पोटात जात नाही, तरीही हा आकडा कागदावर पाहिल्यावर शोयू अडीच चमच्यांवर आणला आणि दाशी थोडी दाट काढली. चवीत उणीव जाणवली नाही. उलट कांद्याचा गोडवा पुढे आला.

मिरिन घेताना वेष्टन नीट वाचावे. खऱ्या मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के अल्कोहोल असते, तर मिरिनसारखी चव देणाऱ्या स्वस्त मिश्रणात ते १ टक्क्याहून कमी असते आणि साखरेचा पाकच अधिक असतो. खरे मिरिन आणि साके आधी एक-दोन मिनिटे उकळून अल्कोहोलचा उग्रपणा उडवावा आणि मगच दाशी, साखर व शेवटी शोयू घालावा. येथल्या घरगुती स्वयंपाकात साखर आधी आणि शोयू नंतर हा क्रम सगळे पाळतात. शोयूचा सुवास उशिरा घातल्याने टिकतो, हे तर नाकालाच कळते.

८ फेब्रुवारी, शनिवार

आचेचा प्रश्न आज पूर्णपणे तपासला, आणि या प्रकल्पातली सर्वांत उपयोगी माहिती येथेच हाती आली, म्हणून सविस्तर लिहितो.

मांसातील प्रथिने एकाच तापमानाला बदलत नाहीत. मायोसिन साधारण ५० अंश सेल्सियसपासून घट्ट होऊ लागते, तेव्हा मांस मऊच राहते. ६० अंशांच्या पुढे कोलॅजन आकसते आणि रस पिळून निघू लागतो. ६६ ते ७३ अंशांच्या दरम्यान ॲक्टिन बदलते आणि त्यानंतर घास कोरडा व चिवट लागतो. जाड तुकड्याच्या बाबतीत मधला भाग अलगद शिजवता येतो, पण दोन मिलिमीटर जाडीच्या कापाला आतपर्यंत तापायला काही सेकंदच लागतात. शिवाय, अन्नसुरक्षेसाठी मधला भाग ७५ अंशांवर एक मिनिट राहावा असा येथला प्रचलित दंडक आहे आणि तो मोडण्याचा माझा विचार नाही. तेव्हा ७३ च्या खाली थांबणे हा मार्ग ग्यूदोनला लागू नाही. आपल्या हाती उरतात तीन गोष्टी: चरबी असलेला भाग घेणे, काप मांसाच्या धाग्याला आडवे आणि पातळ असणे, आणि आवश्यक तेवढा वेळ झाला की लगेच थांबणे.

तापमापक लावून दोन पातेली केली. पहिल्यात रस्सा खळखळून उकळत असताना सगळे मांस एकदम टाकले. थंड मांसामुळे रस्सा उकळीवरून ७० अंशांच्या आसपास घसरला, मग आच मोठी ठेवून पुन्हा उकळी येईपर्यंत मांस त्यात पडून राहिले. या अवधीत बाहेरचे काप शिजून गेले, आतले गुलाबीच राहिले, आणि उकळी फुटल्यावर काप एकमेकांत गुंतून त्यांच्या गुठळ्या झाल्या. दुसऱ्यात रस्सा ८५ अंशांवर धरला, मांस फ्रिजमधून दहा मिनिटे आधी काढून काप सुटे केले, आणि दोन हप्त्यांत, एकेक काप चॉपस्टिकने पसरत सोडले. लालसर काप रश्श्याला टेकताच कडेने करडा होत जातो, मधला गुलाबी पट्टा अरुंद होतो आणि साधारण अर्ध्या मिनिटात नाहीसा होतो. तेथून पुढे दोन मिनिटे मोजली आणि आच बंद केली. चरबीच्या कडा पारदर्शक झाल्या होत्या, पण वितळून गेल्या नव्हत्या. दोन्ही पातेल्यांतले मांस शेजारी ठेवून खाल्ले तेव्हा फरक इतका स्पष्ट होता की पत्नीने न सांगता दुसऱ्या पातेल्याकडे बोट दाखवले.

करडा फेस ८० अंशांच्या आसपास वर येतो. तो घट्ट झालेल्या प्रथिनांचा असतो. झाऱ्याने काढावा, पण त्याच्या भोवतीचे चरबीचे सोनेरी थेंब राहू द्यावेत. सगळे पृष्ठभाग घासून काढणारा माणूस रश्श्याचा निम्मा जीव काढून टाकतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज पश्चिम जपानच्या कान्सई भागातल्या सुकियाकी या गोमांसाच्या पदार्थाच्या रीतीने, म्हणजे तापलेल्या चरबीवर मांस आधी परतून, त्यावर साखर व शोयू घालून मग रस्सा ओतून पाहिले. खमंगपणा निश्चितच वाढतो. पण चव वेगळ्याच दिशेने जाते; ती सुकियाकीची चव आहे, आणि ग्यूदोनचा स्वच्छ, सौम्य रस्सा त्यात राहत नाही. टोकियोच्या बाजूच्या कान्तो भागात रस्सा आधी आणि मांस नंतर ही रीत आहे आणि ग्यूदोन त्याच घराण्यातले आहे. या प्रकल्पापुरता हा मार्ग बाजूला ठेवतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

कांदा. हिवाळ्यात मिळणारा कांदा बहुतांशी होक्काइदोचा, शरद ऋतूत काढून साठवलेला असतो: साल कोरडी, गर घट्ट, वास तिखट. धाग्याच्या दिशेने, म्हणजे देठापासून मुळाकडे, सेंटिमीटरभर रुंद फोडी केल्या तर त्या शिजूनही आकार धरतात. आडव्या चकत्या केल्या तर पंधरा मिनिटांत त्यांचा गाळ होतो. फोडींना रश्श्यात मंद आचेवर आठ ते दहा मिनिटे लागतात, आणि मांसाला लागतात तीन. या दोहोंना एकाच वेळी एका पातेल्यात टाकणाऱ्या पाककृती पुष्कळ आहेत, आणि घरच्या ग्यूदोनमधील बहुतेक दोष त्याच एका सवयीतून येतात असे आता ठामपणे वाटते.

यावरून कामाची वाटणी सुचली. रविवारी रस्सा करून त्यात कांदा शिजवावा, उथळ डब्यात ओतून लवकर निववावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. निवताना रस्सा फोडींत मुरतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कांद्याची चव ताज्यापेक्षा चांगली लागते. तीन दिवसांत तो संपवावा. संध्याकाळी घरी आल्यावर डबा पातेल्यात रिकामा करणे, ८५ अंशांपर्यंत तापवणे आणि मांस सोडणे एवढेच उरते. दुकानातल्या तापत्या भांड्याची जागा घरी हा डबा घेतो. मोठ्या पातेल्यात झाकून तासन्तास कोमट ठेवणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण मांस-रश्श्यात सावकाश निवताना वाढणारे जिवाणू नंतरच्या गरम करण्यानेही पूर्ण मरतीलच असे नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तांदूळ. कोशिहिकारी आणि आकिताकोमाची हे दोन्ही चालतात. एक गो म्हणजे १८० मिलिलिटर, सुमारे १५० ग्रॅम तांदूळ. दोघांसाठी दीड ते दोन गो. ग्यूदोनसाठी पाणी खुणेपेक्षा किंचित कमी घालावे, म्हणजे दाणा मोकळा राहतो आणि रस्सा खाली झिरपत जातो.

तांदळाचे भाव या फेब्रुवारी २०२५ मध्ये घरोघरी चर्चेत आहेत. पाच किलोची पिशवी वर्षभरापूर्वी साधारण २,००० येनला मिळत होती, ती आता त्याच्या दुपटीकडे चालली आहे, आणि याच महिन्यात सरकारने राखीव साठ्यातून २,१०,००० टन तांदूळ बाजारात सोडण्याचे जाहीर केले आहे. ग्यूदोन हे स्वस्त जेवण म्हणून ओळखले जाते. त्यातला भात महाग व्हावा ही गोष्ट मनाला लागते.

१ मार्च, शनिवार

वर काय घालावे. बेनी शोगा म्हणजे उमे फळांच्या खारट-आंबट पाण्यात मुरवलेले लाल आले. चरबीचा जडपणा ते लगेच कापते, म्हणून ते ऐच्छिक समजू नये. शिचिमी तोगाराशी या सात जिनसांच्या भुकटीत मिरचीबरोबर सान्शो (जपानी मिरी), संत्र्यासारख्या फळाची वाळवलेली साल आणि तीळ असतात, चिमूटभर पुरे.

अंडे कच्चे घालण्याची येथे रीत आहे, कारण अंड्यांवर कच्चे खाण्याची मुदत छापलेली असते. मला ओन्सेन तामागो, म्हणजे न उकळत्या गरम पाण्यात अर्धवट शिजवलेले अंडे, अधिक आवडते. पिवळा बलक ६५ ते ७० अंशांत घट्ट होऊ लागतो आणि पांढरा पूर्ण घट्ट व्हायला ८० च्या आसपास तापमान लागते, त्यामुळे ६८ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवलेल्या अंड्याचा बलक मलईदार आणि पांढरा भाग थरथरता राहतो.

९ मार्च, रविवार

मडगावात राहणाऱ्या धाकट्या बहिणीने या पद्धतीने ग्यूदोन करून पाहिले आणि आज फोनवर सगळे सविस्तर सांगितले. तिला खाटकाकडे अंडरकट (पाठीच्या आतल्या बाजूचे मऊ मांस) मिळाले होते, पण सबंध तुकडा. मी सांगितल्याप्रमाणे तिने तो फ्रीजरमध्ये कडा टणक होईपर्यंत ठेवला, मधला भाग मऊ असतानाच धारदार सुरीने आडव्या धाग्याने काप काढले. अंडरकटला चरबी जवळजवळ नसते, म्हणून तिने खाटकाकडून थोडी चरबी मागून घेतली आणि ती आधी पातेल्यात वितळवून त्यावर कांदा परतला. मिरिन मिळाले नाही. त्याऐवजी एका चमच्याला एक चमचा साके आणि एक छोटा चमचा साखर हे प्रमाण चालते, आणि साकेही नसेल तर थोडे पाणी व साखर. कोंबूच्या जागी तिने वाळलेले शिताके मश्रूम रात्रभर थंड पाण्यात भिजवून त्याचे पाणी घेतले. शिताकेतील ग्वानिलेटही ग्लुटामिक आम्लाची चव वाढवते, आणि शोयूमध्ये ते आम्ल भरपूर असते, त्यामुळे रस्सा चांगला जमला. भात तिने बासमतीचा केला होता; तेथे मात्र दाणा सुटा राहतो आणि रस्सा घसरून जातो. तिला इंद्रायणी किंवा आंबेमोहर वापरायला सांगितले आहे.

वसईला आमच्या घरी हे जसेच्या तसे करता येणार नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यातील दुरुस्ती २०१५ मध्ये लागू झाल्यापासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचे मांस मिळते. ते अधिक गडद आणि जाड धाग्याचे असते, म्हणून काप आणखी पातळ हवेत आणि आल्याचे प्रमाण दुप्पट. आल्यातील प्रथिन फोडणारे विकर उकळत्या रश्श्यात निकामी होते, तेव्हा आल्याचा रस मांसाला आधी वीस मिनिटे चोळून ठेवावा. आईसाठी ही कृती वेगळी लिहून पाठवत आहे. अंडे तिने पूर्ण शिजवूनच घ्यावे असेही त्यात लिहिले आहे.

२० मार्च, गुरुवार

बाजारात नवा कांदा आला. सागा प्रांताचा होता. आवाजी बेटाचा अजून दिसत नाही. साल पातळ, पांढरी, गर रसाळ आणि तिखटपणा जवळजवळ नाही. हिवाळ्याच्या प्रमाणाने केलेला रस्सा त्यामुळे पातळ आणि अतिगोड झाला असता, म्हणून दाशी २०० वरून १६० मिलिलिटरवर आणली, साखर अर्धा चमचा केली आणि फोडी दीड सेंटिमीटर रुंद ठेवल्या. शिजायला पाच मिनिटे पुरली. हा कांदा आधी करून ठेवण्याच्या पद्धतीला मात्र तितका साजत नाही. एका रात्रीत तो फार मऊ पडतो. नव्या कांद्याच्या दिवसांत रस्सा तेवढा रविवारी करावा आणि कांदा त्याच संध्याकाळी घालावा.

२९ मार्च, शनिवार

या आठवड्यात पद्धत कामाच्या संध्याकाळी घड्याळ लावून वापरली. ठरलेला क्रम असा. घरी येताच मांस फ्रिजबाहेर काढून काप सुटे करणे आणि त्याच वेळी रस्सा तापत ठेवणे. नवा कांदा असेल तर तो लगेच घालून पाच मिनिटे. रस्सा ८५ अंशांवर आला की आच कमी करून मांस दोन हप्त्यांत सोडणे, फेस काढणे, गुलाबी रंग गेल्यावर दोन मिनिटे मोजून आच बंद करणे. झाकण ठेवून दोन मिनिटे थांबणे; एवढ्यात भात वाडग्यात काढून होतो. मग मांस आणि कांदा भोकांच्या पळीने भातावर, त्यावर माणशी तीन चमचे रस्सा, बाजूला बेनी शोगा. पहिल्या कामापासून वाढेपर्यंत वीस मिनिटे पुरतात, आणि तापमापकाशिवायही आता कडेच्या बुडबुड्यांवरून ८५ अंश ओळखता येतात.

उरलेला रस्सा टाकत नाही. गाळून दुसऱ्या दिवशी त्यात उदोन (गव्हाच्या जाड शेवया) शिजवतो, किंवा बटाटा घालून निकुजागा (मांस-बटाट्याची भाजी) करतो. मांस उरले तर ते रश्श्यासह पातळ थरात गोठवावे, पंधरा दिवसांत वापरावे, आणि परत गरम करताना रस्सा आधी सणसणीत तापवून मांस शेवटी घालावे. एप्रिलमध्ये आवाजीचा कांदा आला की दाशीचे प्रमाण पुन्हा तपासायचे आहे, आणि डुकराच्या बाऱ्याचे बुतादोन याच क्रमाने करून त्याला किती मिनिटे लागतात ते येथेच नोंदवायचे आहे.